तेराशे पंच्याण्णव आकड्यांची गुढी

वेदिका आहेर गणितात कधी चुकली नव्हती असं नाही. पण चुकली की ते आधी तिलाच कळायचं, आणि दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायच्या आत ती दुरुस्तही करून टाकायची. त्यामुळे चुकणारी माणसं म्हणजे दुसरी, असा तिचा एक सोयीस्कर समज झाला होता. नाशिकच्या एका कॉलेजात ती गणित शिकवत होती, आणि मुलं तिला घाबरत ती तिच्या रागाला नाही, तर त्या एका ओळीला. चुकलेल्या गणिताखाली ती लाल शाईने लिहायची, ‘तपासून पाहायला काय झालं होतं?’

गुढीपाडव्याच्या रांगोळीची कल्पना तिचीच. मखमलाबाद रोडच्या मैदानावर तिथली नववर्ष समिती दरवर्षी मोठी रांगोळी काढून घेते. मोर झाला, किल्ला झाला, द्राक्षाचा घडही झाला. यंदा काय काढायचं यावर बैठकीत चहाचे दोन फेरे झाले, तरी काही ठरेना. तेव्हा वेदिका म्हणाली, “आपण एक संख्या काढू.” समितीच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. कॉलेजच्या बाईंना समितीत घेतलं की असं काहीतरी होणार, हे अध्यक्षांना ठाऊक होतंच.

पण तिने कागदावर काढून दाखवलं आणि मंडळी पुढे सरकून बघायला लागली. एका ओळीत एकतीस चौकोन, अशा पंचेचाळीस ओळी. प्रत्येक चौकोनात एक आकडा. मोकळ्या जागेत पांढरे एक, आणि गुढीच्या जागी रंगीत आठ. लांबून बघाल तर गुढी उभी, जवळ गेलात तर नुसते आकडे. आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सलग वाचलं तर ती एकच संख्या, तेराशे पंच्याण्णव आकडी. आणि ती मूळ संख्या. सात, अकरा, तेवीस यांच्यासारखीच. एकने आणि स्वतःनेच भागली जाणारी, बाकी जगातल्या कुठल्याही संख्येला दाद न देणारी.

“पण बाई, चित्र तुम्ही काढणार. ते मूळच निघेल कशावरून?” अध्यक्षांनी विचारलं. प्रश्न चांगला होता.

“निघत नाही,” वेदिका म्हणाली. “शोधावं लागतं.” मग तिने सांगितलं की चित्र ठरलं तरी अगदी शेवटचे, उजव्या कोपऱ्यातले चार चौकोन मोकळे ठेवायचे. तिथे काय बसेल ते संगणक शोधतो. त्या चार चौकोनांत दहा हजार जोडण्या बसतात, आणि त्यातल्या जेमतेम तीन-चार अशा असतात की सगळी संख्या मूळ होते. एक जोडणी सापडली की झालं. मात्र नंतर चित्रातला एक ठिपकाही हलवायचा नाही. वर एक आकडा बदलला की ती संख्याच दुसरी, आणि दुसऱ्या संख्येला ते शेवटचे चार आकडे बहुतेक चालत नाहीत. शोध पुन्हा पहिल्यापासून. “डोकं हललं की पाय पुन्हा शोधायचे,” असं ती हसत म्हणाली. समितीला ते फार आवडलं, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात तिच्या फोटोखाली हेच वाक्य छापून आलं.

रांगोळी काढणाऱ्या बायका मळ्यातल्या. मैदानाच्या पलीकडे फुलशेती करणारी घरं आहेत. तिथल्या मंगलाबाई विधाते रांगोळीचं हे मंडळ चालवत. पहाटे बाजारात झेंडू-शेवंती विकायची, आणि सणासुदीला कुणाच्या दारात, कुणाच्या मांडवात रांगोळी घालायची. हाताखाली दहा-बारा बायका, सगळ्या नात्यातल्या नाहीतर शेजारच्या. वेदिका नकाशाचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा मंगलाबाईंनी तो अंगणात पसरला, चार पावलं मागे गेल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“मॅडम, एक बोलू का? राग नका मानू. तांब्या सुलटा झालाय.”

वेदिकाने पाहिलं. खरंच. गुढीच्या टोकाला तांब्या उपडा घालतात हे शेंबडं पोरही सांगेल, आणि हिने तोंड वर करून, पाणी भरायला ठेवल्यासारखा काढला होता. देवळ्याच्या घरी तिचे वडील दर पाडव्याला तिच्या हाताने तो तांब्या काठीवर उपडा घालून घेत. ती ओशाळली, पण थोडीच. हसून म्हणाली, “बरं झालं सांगितलंत, मंगलाताई. आज बदलते.”

संध्याकाळी तिने तांब्या उपडा केला. काही आठांचे एक झाले, काही एकांचे आठ. ते चित्र तिने संगणकात साठवलं, शेवटच्या कोपऱ्यात अजून पहिल्या शोधातले जुनेच चार आकडे होते, चार शून्य सहा नऊ. मग नवा शोध लावून दिला. तो चालू असताना स्वयंपाक झाला, जेवणं झाली, आणि भांडी आवरता आवरता संगणकाने उत्तर दिलं: सात पाच दोन एक. सिद्धतेसकट. वेदिकाने ते नवऱ्याला दाखवलं. अमोल बँकेत होता. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण तिचा आनंद कळला. तो म्हणाला, “तुझं कधी चुकतच नाही बुवा.”

सकाळी द्वारका चौकातल्या छपाईच्या दुकानात मोठा कागद काढायचा होता आणि साडेदहाला तास होता. तिने फोनवरून काल साठवलेली फाइल पाठवली आणि स्वतःही पोहोचली. दुकानदार लखन कागद उलगडून म्हणाला, “मॅडम, एकदा बघून घ्या. नंतर लोक येऊन आमच्या नावाने शंख करतात.” तिने तांब्या बघितला. उपडा होता. “बरोबर आहे,” ती म्हणाली, कागदाची गुंडाळी घेतली आणि रिक्षात बसली. उजव्या कोपऱ्यात चार शून्य सहा नऊ होतं. डोकं नवं आणि पाय जुने. तपासून पाहायला काय झालं होतं, हे तिला विचारायला तिथे कुणी नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बायकांनी मैदान शेणाने सारवलं, गेरूत बुडवलेल्या सुतळीने चौकोन पाडले आणि कागदाच्या पट्ट्या कापून आपसांत वाटून घेतल्या. वरच्या ओळी मंगलाबाईंकडे, मधल्या बाकीच्यांकडे. तळच्या ओळी भागीबाईंकडे. भागीबाई मंगलाबाईंची चुलत जाऊ, वयाने सगळ्यांत थोरली. सगळ्यांना नुसते एक आणि आठ गिरवायचे होते. तळाशी ते चार वेगळे आकडे होते, म्हणून जाणता हात तिकडे दिला. वेदिका दुपारी डोकावली तेव्हा भागीबाई उकिडव्या बसून नऊचं शेपूट ओढत होत्या. वेदिका मात्र गुढीच्या खणाकडे बघत होती. हिरव्या रंगातले आठ फार छान उठले होते. ती कौतुक करून परीक्षेच्या कामाला निघून गेली.

पाडव्याच्या सकाळी मैदान भरलं. देवळ्याहून एसटीने वडील आले होते, पुंजा आहेर, नवं धोतर, नवी टोपी, पहिल्या रांगेत. मंगलाबाईंनी चारी कोपऱ्यांवर आणि मधोमध हळद-कुंकू वाहिलं. त्यांच्यात रीत अशी की हळद-कुंकू पडलं की रांगोळी झाली. मग तिच्यात बोट घालायचं नाही, वाऱ्याने उडाली तर उडू द्यायची. बायकांनी पदर सावरून नमस्कार केला. वेदिका फोटो काढत रांगोळीच्या कडेकडेने फिरत फिरत तळाच्या कोपऱ्याशी आली. फोन डोळ्यांसमोर धरला, आणि त्याच्या पडद्यावर तिला दिसलं: चार शून्य सहा नऊ.

तिने फोन खाली केला, पुन्हा बघितलं. आकडे तेच. फार सुबक, फार स्वच्छ, तिच्या कागदावर होते तसेच. चूक कुठे झाली हे शोधायला तिला एक श्वासही लागला नाही. साठवलेलं चित्र, चालू शोध, सकाळची घाई, लखन, रिक्षा. सगळी साखळी तिच्या डोळ्यांसमोरून गेली आणि साखळीत दुसरं कुणीच नव्हतं.

चार आकडे बदलायला काही मिनिटं पुरली असती. मंगलाबाईंच्या कानात सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित रीतही मोडली असती, किंवा वेदिकाने माइकवर सरळ सांगितलं असतं की मंडळी, माझ्या हातून चूक झाली. लोक हसले असते, टाळ्याही वाजवल्या असत्या. पण हळद-कुंकू पडलं होतं. आता बोट घालायचं नसतं. हे कारण तिला फार आवडलं. उभ्या आयुष्यात तिने रूढीचा इतका मान कधी राखला नव्हता.

आणि समोर वडील बसले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी ती कोण हे दोनदा सांगून झालं होतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती बोलली, आणि चांगली बोलली, हीच त्यातली लाजेची गोष्ट. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे तिने सांगितलं. कितीही पुढे जा, अजून एक असतेच. इतक्या मोठ्या संख्येला भागून भागून बघायचं म्हटलं तर सूर्य विझेल तरी भागाकार संपणार नाही, म्हणून गणितात आडवाटा काढल्या आहेत, भागल्याशिवायच सांगता येतं की ही भागली जाणार नाही. आणि मग सवयीने, जिभेला वळण होतं म्हणून, ती म्हणाली, “समोरची ही गुढी दोनने भागली जात नाही, तीनने नाही, पाचने नाही, सातने नाही. कुणापुढेच ती वाकत नाही.” टाळ्या वाजल्या. तिच्या खांद्यावर शाल पडली. वडील तिच्याजवळ येऊन हळूच अहिराणीत म्हणाले, “भारी शे बरं, पोरी.” तिने त्यांच्या पाया पडायला मान खाली घातली आणि ती वर काढायला तिला जड गेलं.

घरी येताना तिला एक वेडी आशा होती. चुकून लिहिलेली संख्याही मूळ निघू शकते. शक्यता हजारात एक, पण शून्य नव्हे. तिने चपलासुद्धा न काढता लॅपटॉप उघडला आणि मैदानावरची संख्या तपासायला टाकली. तिला वाटलं होतं, थोडा वेळ तरी लागेल. लागला नाही. सगळ्या आकड्यांची बेरीज तीन हजार पाचशे चौऱ्याण्णव. तीनने नि:शेष भाग जातो. काही मोठ्या, अक्राळविक्राळ संख्येने तिचं नाक कापलं असतं तर त्यातही काही प्रतिष्ठा राहिली असती. नाक कापलं ते तीनने. शाळेतली पोरं बेरीज करून ओळखतात त्या नियमाने. ‘तीनने नाही,’ हे ती माइकवर म्हणाली होती.

रांगोळी एक-दोन दिवसांत वाऱ्याने जाईल आणि सोबत हेही जाईल, अशी तिने मनाची समजूत घातली. पण मैदानावर निम्मं नाशिक फोन घेऊन आलं होतं. इंजिनीअरिंगच्या दिशा नावाच्या एका मुलीने वरून काढलेला फोटो संगणकाकडून वाचून घेतला आणि सगळीकडे टाकलं, ‘ही संख्या तर तीनने भागली जाते.’ मुलीने खोडसाळपणा केला नव्हता. शेवटी तिने विचारलं होतं, माझं काही चुकतंय का? तिसऱ्या दिवशी दुपारी पेपरच्या वार्ताहराचा फोन आला.

“मॅडम, हे खरं आहे का?”

वेदिका कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होती. आजूबाजूला मुलं होती, म्हणून तिने आवाज खाली घेतला. नंतर तिने पुष्कळदा आठवून पाहिलं की तेव्हा तिने विचार केला होता का. केला नव्हता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढंच. “संगणकाने दिलेली संख्या मूळच आहे,” ती म्हणाली, “सिद्धता माझ्याकडे आहे. पण रांगोळी हाताने काढलेली असते. महिलांकडून एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल.”

यातलं पहिलं वाक्य अक्षरशः खरं होतं. दुसरंही खरं होतं. तिसऱ्यात ‘असेल’ होतं. तिने फोन ठेवला आणि वर्गात जाऊन तासभर शिकवलं, फळ्याकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘रांगोळीत महिलांचा आकडा चुकला, गुढी तीनने विभाज्य’. खाली त्या मुलीचं कौतुक, आणि ‘मूळ संख्या अचूकच होती, असे प्रा. आहेर यांनी स्पष्ट केले’. अमोल वाचून म्हणाला, “मिटलं की.” तिच्या चहावर साय धरेपर्यंत ती कपाकडे बघत बसली.

संध्याकाळी मंगलाबाईंचा फोन आला. “मॅडम, आमच्यामुळं तुमचं नाव खराब झालं. लय वाईट वाटलं. पोरींनी पेपर वाचून दाखवला. माफी करा.”

इथे अजून वेळ होती. पेपर काय, तो रद्दीत जातो; पण इथे समोर एक बाई होती आणि तिला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. वेदिकाने डोळे मिटले. “जाऊ द्या, मंगलाताई,” ती म्हणाली, “होतं असं.”

म्हणजे तिने माफ केलं. खोटं बोलण्यापेक्षा हे मोठं होतं, हे तिला फोन ठेवल्याबरोबर कळलं. आपल्या चुकीबद्दल दुसऱ्याला माफ करून मोठेपणा घेणारी बाई पूर्वी कुणी पाहिली असेल तर पाहिली असेल. वेदिकाला ती आरशात दिसली. त्या दिवसापासून तिने फुलबाजारात जाणं सोडलं. देवाला फुलं लागली तर घराखालच्या टपरीवरून घ्यायची, शिळी असली तरी. पेपर तपासताना ती ठरलेली लाल ओळ लिहायला हात उठेना. नुसतं ‘चूक’ लिहून ती पान उलटायची.

असे काही आठवडे गेले. मग कॉलेजात कसलासा समारंभ ठरला आणि प्राचार्य म्हणाले, “तुमच्या त्या रांगोळीवाल्या बायकांना बोलवा. फक्त आकडे देऊ नका हं त्यांच्या हातात.” स्टाफरूम हसली. वेदिकाही हसली, आणि आपण हसलो याची तिला इतकी किळस आली की हातातला डबा न उघडता ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुलबाजारात गेली. मंगलाबाई ओल्या गोणपाटावर शेवंती मांडत होत्या. तिला बघून त्यांनी पदर सारखा केला, बसायला पाटी उलटी घालून दिली. कार्यक्रमाचं ऐकून खूष झाल्या. “येऊ की. आता धा जनी हाओत. भागीबाई नाय येत.”

“का? बरं नाही का त्यांना?”

“बरं हाय. मीच नको म्हनलं.” मंगलाबाई फुलांवर पाण्याचा हबका मारत राहिल्या. “पेपरात आलं तवा आम्ही सगळ्या बसलो. म्हनलं, कुनाच्या हातनं झालं ते बोला. कुनीच बोलंना. मग मी इचार केला, बाकीच्यांना एक नि आठच काढायचा व्हता, त्यात चुकायला जागा कुठं हाय? येगळे आकडे तिच्याकडंच व्हते. तिला म्हनलं, तू चुकलीस. ती म्हनली, मी कागद बघूनच काढलं. मी म्हनलं, मग काय मॅडम चुकल्या?”

मंगलाबाईंचा हिशेब बरोबर होता. चूक त्या चार चौकोनांतच होती. तिच्या वर्गातल्या हुशार मुलालाही याहून नेमकं सांगता आलं नसतं. फक्त शेवटचा प्रश्न त्यांनी प्रश्न म्हणून विचारला नव्हता. ते अशक्य गोष्टीचं उदाहरण होतं.

तिने शेवंती घेतली, पैसे दिले, स्कूटरपाशी गेली. किल्ली लावली. आता निघालं की संपलं, हे तिला कळत होतं. आता निघालं तर पुढे कधीच सांगता येणार नाही. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. तिने किल्ली काढली आणि परत आली.

“मंगलाताई, कागदच चुकला होता.”

“आं?”

“मी दिलेला कागद. तांब्या बदलला तेव्हा शेवटचे चार आकडे बदलायचे राहिले. माझ्याकडून राहिले. भागीबाईंनी कागदावर होतं तेच काढलं. एक आकडा चुकल्या नाहीत. तुम्ही कुणीच चुकला नाही.”

मंगलाबाईंचा हात पाण्याच्या डब्यात तसाच राहिला. “कवा कळलं तुमाला?”

“त्याच दिवशी. भाषणाच्या आधी.”

“म्हंजी मी फोन केला तवा ठाव व्हतं.”

“हो.”

“तुम्ही म्हनला, जाऊ द्या, होतं असं.”

वेदिकाने मान हलवली. मंगलाबाई तिच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात तमाशा झाला असता, चार लोकांनी मान वळवून बघितलं असतं, आणि काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं. तसलं काही झालं नाही. त्यांनी एका गिऱ्हाईकाला झेंडू तोलून दिला, सुट्टे पैसे दिले. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “मी तिला चार बायकांत बोलले. थोरली जाऊ हाय माझी, माझ्या लेकराची न्हाणी-धुणी केलेली. आता मला सांगून काय उपेग? तिला सांगा.” शेजारणीला माल बघायला सांगून त्या स्कूटरवर मागे बसल्या.

भागीबाईंचं घर मळ्यात, पत्र्याचं पण ऐसपैस, पुढे ओटा. त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली होती, सुई होती, दोरा होता. पण दोरा ओवलेला नव्हता आणि हात मांडीवर रिकामे होते. आत चुलीपाशी भांडी वाजत होती. मंगलाबाई खालीच, पायरीशी उभ्या राहिल्या. “या मॅडम तुला भेटाया आल्यात,” एवढंच म्हणाल्या.

भागीबाईंनी घाईने डोक्यावर पदर घेतला. “मॅडम, त्या दिशी माझ्याकडनं,” त्यांनी बोलायला सुरुवात केली.

“नाही, भागीबाई. तुमच्याकडून काही झालं नाही.” वेदिका ओट्यावर त्यांच्यासमोर खाली बसली. उभ्याने सांगायची तिची छाती नव्हती. “माझा कागद चुकीचा होता. तुम्ही जे काढलं ते कागदाप्रमाणे अगदी बरोबर काढलं. मी पेपरवाल्याला खोटं सांगितलं. मला तेव्हाच माहीत होतं.”

भागीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मंगलाबाईंकडे पाहिलं, आणि मंगलाबाईंनी मान खाली घातली. वेदिकाला वाटलं, आता शिव्या येतील, रडू येईल. तिने दोन्हीची तयारी केली होती.

“म्हंजी नऊ नऊच व्हता?” भागीबाईंनी विचारलं.

“हो.”

“आन् सहा सहाच.”

“हो. सगळं बरोबर होतं.”

“म्हंजी मला दिसतंय.”

वेदिकाला आधी कळलं नाही. भागीबाईंनी दोन्ही हात वर करून डोळ्यांसमोर धरले, उलटेसुलटे केले. “मला वाटलं, डोळे गेले. मी तर बघून बघून काढलं व्हतं. मला चार दिसला तवा चारच काढला. आन् समदे म्हनले चुकलं, तर म्हनलं मंग आपल्यालाच येगळं दिसाया लागलं असंल. पोरानं दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हनला काय नाय, वयाचं हाय. पन डाक्टरला काय ठाव मी काय काढलं व्हतं. तवापासून सूनबाई मला तांदूळ निवडू देत नाय. म्हनते आत्याबाई, खडा राहील. गजरा बी नको, सुई लागंल. मी बी घाबरले. रस्ता वलांडत नाय. बाजारातली जागा पोरानं दुसऱ्याला देऊन टाकली.”

हे सगळं त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. त्यांचा चेहरा उजळत चालला होता, आणि वेदिकाला तो बघवत नव्हता. तिने खोटं बोलताना फार तर कुणाचं नाव जाईल असं धरलं होतं. कुणाची नजर जाईल हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

“माझी चूक झाली, भागीबाई,” ती कशीबशी म्हणाली. “मी पेपरात सांगते. नाव घेऊन छापायला लावते.”

“पेपराचं ऱ्हाऊ द्या वो. आमच्या घरात कोन वाचतंय.” भागीबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी वेदिकाचं मनगट धरलं. “ते आत्ता म्हनला ना, ते जरा मोठ्यानं बोला. सूनबाई आत हाय.”

वेदिकाने मोठ्याने सांगितलं. आतली भांडी वाजायची थांबली नाहीत.

“अजून जरा,” भागीबाई म्हणाल्या.